पहिलं फ्रेमवर्क निवडताना

वेब अ‍ॅप्लिकेशन बनवायला शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यांत सोपं फ्रेमवर्क कोणतं? उत्तर द्यायला माणसं तयारच असतात. क्लासचे सर नोकरीच्या जाहिराती बघून रिअ‍ॅक्ट सांगतात, कॉलेजातल्या मॅडम अभ्यासक्रमात आहे म्हणून पीएचपी सांगतात, आणि हिंजवडीत नोकरीला लागलेला मावसभाऊ जावा आणि स्प्रिंग बूटशिवाय दुसरं काही मोजतच नाही. तिघांपैकी कोणी खोटं बोलत नाही. पण सोपं कोणाला आणि कोणतं काम करताना, हे तिघांनीही विचारलेलं नसतं.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. प्रत्येक फ्रेमवर्क कोणाच्या तरी रोजच्या कामातून जन्माला आलेलं असतं, आणि ते आधी त्या माणसाचं काम सोपं करतं. आपलं काम त्याच्या कामासारखं असेल तर ते आपल्यालाही सोपं जातं. नसेल तर त्याची कितीही कीर्ती असली तरी शिकताना दमछाक होते. म्हणून फ्रेमवर्कच्या वैशिष्ट्यांची यादी वाचण्याआधी त्याची जन्मकथा वाचावी, असं मला वाटतं.

त्याआधी फ्रेमवर्क नेमकं करतं काय, ते पाहू. सार्वजनिक ग्रंथालयाचा एक सभासद मोबाइलवर ‘माझ्याकडची पुस्तकं’ या दुव्यावर बोट ठेवतो. त्याचा ब्राउझर सर्व्हरकडे काही ओळींचा मजकूर पाठवतो : अमुक पत्त्यावरचं पान हवंय, ही माझी कुकी. सर्व्हरवरच्या प्रोग्रामने त्यातून पत्ता वेगळा काढायचा, कुकीवरून माणूस ओळखायचा, त्याला हे पान बघायची परवानगी आहे का ते तपासायचं, डेटाबेसमधून नोंदी काढायच्या, त्या एचटीएमएलमध्ये बसवायच्या आणि उत्तर परत पाठवायचं. पुस्तक जमा केल्याचा फॉर्म भरला तर आणखी कामं वाढतात. तारीख म्हणून लिहिलंय ती खरंच तारीख आहे का, तोच फॉर्म दोनदा तर आला नाही, तो आपल्याच पानावरून आला की भलत्याच साइटने सभासदाच्या नावावर खपवला? ग्रंथालय असो, दवाखाना असो की सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, ही कामं तीच राहतात. ती एकदा नीट करून ठेवायची आणि आपण फक्त आपल्या व्यवहाराचे नियम लिहायचे, अशी सोय म्हणजे फ्रेमवर्क. गणितासाठी किंवा तारखांसाठी आपण एखादी तयार कोड-लायब्ररी वापरतो तेव्हा तिला हाक आपण मारतो. फ्रेमवर्कमध्ये हाक मारणारं ते असतं; आपलं फंक्शन कधी चालवायचं ते तेच ठरवतं. ‘मी लिहिलेलं फंक्शन मी कुठेच बोलावलेलं नाही, मग ते चालतं कसं?’ हा नवशिक्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं नाही तर पुढचं सगळं पाठांतर होऊन बसतं.

वेबच्या सुरुवातीला अशी सोय नव्हती, कारण गरजच नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला तो विखुरलेली कागदपत्रं एकमेकांना जोडण्यासाठी. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना खुलं केलं. त्याच वर्षी सीजीआय ही पद्धत रूढ होऊ लागली : विनंती आली की सर्व्हरने एक स्वतंत्र प्रोग्राम चालवायचा आणि तो जे छापेल ते ब्राउझरकडे पाठवायचं. हे प्रोग्राम बहुतेक करून पर्ल भाषेत असत. फॉर्ममधला मजकूर सोडवण्यापासून सगळं हाताने लिहावं लागे, आणि प्रत्येक विनंतीला नवा प्रोग्राम उभा करायचा म्हणजे गर्दी वाढली की सर्व्हर गुडघे टेकायचा.

रासमुस लेरडॉर्फ यांना आपल्या वेबवरच्या बायोडेटाला कोण भेट देतं ते बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी १९९४ मध्ये लिहिलेली छोटी साधनं जून १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. हीच पीएचपीची सुरुवात. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी तिची नव्याने बांधणी केली आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. एका माणसाच्या घरगुती पानासाठी जन्मलेल्या या भाषेचा गुण आजही तोच आहे : एचटीएमएलच्या फाइलमध्ये मध्येच चार ओळी लिहा, एफटीपीने फाइल चढवा, पान चालू. इतका खाली असलेला उंबरठा नंतर कोणालाच जमला नाही. वर्डप्रेस आणि फेसबुक हे दोघंही हाच उंबरठा ओलांडून आत आले. पण फाइल वाढत जाते तसं डेटाबेसची क्वेरी, व्याजाचा हिशेब आणि टेबलाचा रंग हे सगळं एकाच पानावर गुंतून बसतं. जुना पीएचपी प्रकल्प ज्याने दुरुस्त केलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या टोकाला जावा होती. ट्रिग्वे रेन्सकॉग यांनी १९७९ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही विभागणी सुचवली होती. माहिती एकीकडे, ती दाखवणं दुसरीकडे, वापरणाऱ्याच्या हुकमाची दखल तिसरीकडे. जावाच्या जगात २००० मध्ये आलेल्या स्ट्रट्सने हीच विभागणी वेबवर आणली, आणि सोबत एक्सएमएलच्या लांबलचक फाइलीही. २००४ मध्ये स्प्रिंगची पहिली आवृत्ती आली. या मंडळींचे ग्राहक होते बँका आणि विमा कंपन्या, जिथे शेकडो माणसं एकाच प्रोग्रामवर वर्षानुवर्षं काम करतात. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे ग्राहकही मोठ्या प्रमाणात असेच. मावसभावाचा सल्ला तिथून येतो, आणि त्याच्या जागेवरून तो बरोबरच आहे.

मग दोन वर्षांत दोन फ्रेमवर्क आली, आणि नवशिक्यांच्या दृष्टीने खरी कलाटणी तीच. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन हे थर्टीसेव्हन सिग्नल्स या छोट्या कंपनीसाठी बेसकॅम्प नावाचं कामकाज सांभाळणारं अ‍ॅप्लिकेशन लिहीत होते. त्यातला पुन्हा पुन्हा लागणारा भाग वेगळा काढून त्यांनी जुलै २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स प्रसिद्ध केलं. रेल्सचा आग्रह असा की जिथे संकेत पाळून भागतं तिथे वेगळी मांडामांड करायला लावू नये. मॉडेलचं नाव एकवचनी असेल तर टेबलाचं नाव अनेकवचनी असणार, फाइल अमुक फोल्डरमध्येच असणार. मग ते सांगायचं कशाला? पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवणारी त्यांची चित्रफीत पाहून जावावाले अवाक झाले. ट्विटर, गिटहब आणि शॉपिफाय यांची सुरुवात रेल्सवर झाली.

जँगोचा जन्म मला त्याहून जास्त आवडतो, कारण तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं मध्यम आकाराचं गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन काम करत होते. पुढे जेकब कॅप्लन-मॉस त्यांना येऊन मिळाले. बातमीदाराला दुपारी सुचलेलं पान संध्याकाळपर्यंत वेबवर हवं, आणि त्यात माहिती भरणारा माणूस प्रोग्रामर नसणार, अशी तिथली रोजची परिस्थिती होती. म्हणून जँगोमध्ये पहिल्या दिवसापासून अ‍ॅडमिन आहे : तुम्ही फक्त सांगायचं की पुस्तक म्हणजे नाव, लेखक आणि दाखल क्रमांक; नोंदी भरायचे, शोधायचे, दुरुस्त करायचे पडदे ते आपोआप तयार करून देतं. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. नाव दिलं जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचं. इन्स्टाग्रामची सुरुवातही त्यावरच झाली, पण मला महत्त्वाचं वाटतं ते लॉरेन्सचं संपादकीय टेबल. आपल्याकडच्या ग्रंथालयाच्या, पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या कचेरीत जे काम चालतं ते त्या टेबलावरच्या कामाशी फार मिळतंजुळतं आहे.

पीएचपीच्या जगानेही धडा घेतला. २००५ मध्ये केकपीएचपी आणि सिम्फनी, २००६ मध्ये हलकंफुलकं कोडइग्नायटर, आणि २०११ मध्ये टेलर ऑटवेल यांचं लाराव्हेल, ज्याने रेल्सची शिस्त पीएचपीच्या माणसांच्या हातात दिली.

या भरगच्च फ्रेमवर्कांवरची प्रतिक्रिया म्हणजे सूक्ष्म फ्रेमवर्कांचं घराणं. रुबीत २००७ मध्ये सिनात्रा आलं. पायथनमधल्या फ्लास्कची कथा गमतीची आहे : आर्मिन रोनाखर यांनी १ एप्रिल २०१० रोजी थट्टा म्हणून एका फाइलीत मावणारं फ्रेमवर्क जाहीर केलं, लोकांनी ते खरंच मानलं, आणि त्यातून फ्लास्क उभं राहिलं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडवरचं एक्सप्रेस त्याच वर्षीचं. पाच-सात ओळींत पान दिसतं म्हणून यांना सोपं म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. लॉगिन, फॉर्मची तपासणी, डेटाबेस, फोल्डरांची रचना यांतली प्रत्येक निवड फ्लास्क आणि एक्सप्रेस तुमच्यावर सोडतात, आणि निवड करायला जो अनुभव लागतो तो नवशिक्याकडे नसतो. एचटीटीपी समजून घ्यायला फ्लास्कसारखं दुसरं साधन नाही. पहिलं पूर्ण अ‍ॅप्लिकेशन त्यात उभं करायला मी सहसा सांगत नाही.

दरम्यान ब्राउझरच्या बाजूला वेगळंच जग उभं राहत होतं. २००६ मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने ब्राउझरांच्या लहरी सांभाळल्या. २०१० मध्ये गुगलचं अँग्युलरजेएस आलं, २०१३ मध्ये फेसबुकने जॉर्डन वॉक यांचं रिअ‍ॅक्ट खुलं केलं, आणि २०१४ मध्ये इव्हान यू यांनी अँग्युलरमधलं आवडलेलं तेवढं घेऊन व्ह्यू लिहिलं. फेसबुकच्या एकाच पानावर लाइक, कमेंट, गप्पा आणि सूचना सतत बदलत असतात. ते सगळं एकमेकांशी जुळतं ठेवणं ही तिथल्या अभियंत्यांची डोकेदुखी होती आणि रिअ‍ॅक्ट हा त्यावरचा उतारा. उतारा उत्तमच आहे. पण ज्याला ती डोकेदुखीच नाही त्याने तो का घ्यावा? ग्रंथालयाच्या थकबाकीच्या यादीत दर सेकंदाला काही बदलत नाही. रिअ‍ॅक्टपासून सुरुवात करणाऱ्याला डेटाबेस आणि लॉगिन कुठून आणायचं ते अजून कळायचं असतं, आणि त्याआधीच स्टेट, हुक, बिल्ड यांचा डोंगर चढावा लागतो. शिवाय या भागातली जमीन सरकती आहे. २०१६ मध्ये अँग्युलर नव्याने लिहिलं गेलं तेव्हा जुना कोड त्यावर चालेना, आणि रिअ‍ॅक्टच्या असंख्य धड्यांची पहिली पायरी असलेलं क्रिएट-रिअ‍ॅक्ट-अ‍ॅप २०२५ च्या सुरुवातीला निवृत्त झालं. हल्ली लाराव्हेलसोबतचं लाइव्हवायर, रेल्ससोबतचं हॉटवायर आणि कुठल्याही सर्व्हरबरोबर चालणारं एचटीएमएक्स हे वारं पुन्हा सर्व्हरकडे वळवत आहेत. पान सर्व्हरवर तयार करा, बदललेला तुकडाच तेवढा पाठवा, असा त्यांचा विचार. छोट्या कामांसाठी मला तो पटतो.

या नकाशावर मुंबईचीही एक खूण आहे. ऋषभ मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाचा कारभार सांभाळायला हवं तसं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून स्वतः लिहायला घेतलं. त्यातून ईआरपीनेक्स्ट आणि त्याच्या पोटातलं फ्रॅपे हे पायथनवरचं मुक्तस्रोत फ्रेमवर्क तयार झालं. पावती, साठा, उधारी, मंजुरी ही त्याची मातृभाषा. ते शिकायला सर्वांत सोपं आहे असं मी म्हणणार नाही, पण ज्याला दुकानाचा किंवा कारखान्याचाच कारभार वेबवर आणायचाय त्याने ते न बघता पुढे जाऊ नये.

जन्मकथेनंतर मी तीन गोष्टी तपासायला सांगतो. पहिली, चूक झाल्यावर फ्रेमवर्क काय बोलतं. शिकणारा माणूस दिवसातला बराच वेळ चुकलेल्या कोडसमोर बसलेला असतो. जँगोचं पिवळं पान कोणत्या ओळीत गाडी अडली आणि त्या क्षणी कोणत्या नावात कोणती किंमत होती तेही दाखवतं. लाराव्हेलचं पानही असंच बोलकं आहे. (हे पान खऱ्या सर्व्हरवर चालू ठेवलं तर तीच माहिती चोरालाही दिसते, पुस्तकात याची वेगळी ताकीद आहे.) दुसरी, विचार बदलल्यावर काय होतं. सभासदाला एकाऐवजी दोन फोन नंबर द्यायचे ठरले तर आधीच्या नोंदी न गमावता टेबल बदलता यायला हवं. जँगोत ही सोय २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून अंगभूत आहे. त्याआधी साउथ नावाचं वेगळं साधन जोडावं लागे आणि ते न जोडणारे रात्री जागत. तिसरी गोष्ट, ते चढवायचं कुठे. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी आजही विनासायास चालते. लाराव्हेलला थोडी खटपट लागते. जँगोला सर्व्हरची जास्त ओळख लागते. हेरोकू या होस्टिंग सेवेची मोफत सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यापासून ‘आधी बनवू, मग बघू’ हे धोरण महागात पडायला लागलं आहे.

मराठीत काम करणाऱ्यासाठी चौथी कसोटी मी स्वतःहून जोडली आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सापडत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसची ठरलेली लिपीव्यवस्था ८.० आवृत्तीपर्यंत लॅटिन होती. नावं भरली आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग आली, हा अनुभव कित्येकांचा असेल. पुस्तकाच्या नावावरून पानाचा पत्ता बनवणारं जँगोचं स्लगिफाय हे फंक्शन नेहमीच्या रूपात देवनागरी अक्षरं पूर्ण गाळतं. युनिकोड चालू करण्याची परवानगी दिली तरी ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं, कारण पायथनची शोधपद्धत काना-मात्रांना शब्दाचा भाग धरत नाही. यादी लावतानाही तेच. युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच नंतरची जागा आहे, त्यामुळे काळे हे कासारांच्या आधी येतात, आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, म्हणजे कासार आधी. ग्रंथपालाला हे खपत नाही आणि खपू नये. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मराठीची क्रमवारी निवडून ते सुधारता येतं. लाख-कोटींचे स्वल्पविराम जँगोत १.११ आवृत्तीपासून सांगून लावता येतात.

हा विषय आत्ताच मांडायची निकड दोन कारणांनी आहे. कोड लिहून देणारी एआय साधनं आता विद्यार्थ्यांच्याही हातात आहेत. ती फ्लास्कही लिहितात, रिअ‍ॅक्टही. शिकणाऱ्याचं काम त्यामुळे लिहिण्याकडून वाचण्याकडे आणि तपासण्याकडे सरकलं आहे, आणि तिथे संकेत पाळणारं फ्रेमवर्क कामाला येतं. परवानगीची तपासणी कुठे असायला हवी हे ठरलेलं असेल तर ती तिथे नाही हे दिसतं. प्रत्येक प्रकल्पाची मांडणी वेगळी असेल तर काय राहून गेलं ते नवख्या नजरेला कळत नाही. दुसरं कारण जबाबदारीचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर सभासदांचे फोन नंबर ही आता केवळ वहीतली नोंद राहिलेली नाही. टेम्प्लेटमध्ये आलेला घातक मजकूर निष्प्रभ करणं, परक्या साइटवरून आलेला फॉर्म नाकारणं, पासवर्ड मूळ रूपात न साठवणं हे जँगो आणि लाराव्हेल न सांगता करतात. एक्सप्रेसमध्ये यातलं प्रत्येक काम आपण आठवणीने जोडायचं असतं. अर्थात फ्रेमवर्क निवडून सुटका होत नाही. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली ती स्ट्रट्समधल्या एका भगदाडातून, आणि ते बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती. ती वेळेवर बसवली गेली नाही.

पुस्तकात एकच अ‍ॅप्लिकेशन आहे : छोट्या सार्वजनिक ग्रंथालयाची देवघेव. सभासद, पुस्तकं, देवघेव, विलंबशुल्क, पावती. ते आधी कोणत्याही फ्रेमवर्कविना साध्या पायथनमध्ये लिहिलं आहे. जिथे ते तुटतं तिथे तुटू दिलं आहे. मग तेच फ्लास्क, जँगो, लाराव्हेल आणि एक्सप्रेसमध्ये. कोणत्या फ्रेमवर्कने कोणतं ओझं उचललं आणि कोणतं आपल्याच डोक्यावर ठेवलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघता यावं एवढाच हेतू. रिअ‍ॅक्टला शेवटी एक छोटा भाग दिला आहे, तोही जिथे खरंच पडदा हलता हवा अशा एका कामासाठी. स्प्रिंग बूट आणि रेल्स कोडमध्ये नाहीत. पहिलं एकट्याने शिकण्यापेक्षा चमूत शिकलेलं बरं, आणि दुसऱ्याचा विचार जँगो आणि लाराव्हेल या दोघांतून वाचकापर्यंत पोचतोच. माझा कल जँगोकडे आहे हे लपवलेलं नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्धचे मुद्दे मुद्दाम सविस्तर लिहिले आहेत.

वाचकाला कोणत्याही एका भाषेत लूप आणि फंक्शन लिहिता येतात, आणि एचटीएमएलची तोंडओळख आहे, इतकं गृहीत धरलं आहे. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते आणि लाराव्हेलची मोठी आवृत्ती दरवर्षी, त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आवृत्त्यांचे क्रमांक नोंदवून ठेवले आहेत. पडद्यावर पुस्तकापेक्षा वेगळं काही दिसलं तर आधी ते क्रमांक पडताळावेत. ज्यांच्याकडे आधीपासून शेअर्ड होस्टिंग आहे आणि थोडी पीएचपी येते त्यांनी सरळ लाराव्हेलकडे वळायला हरकत नाही. फक्त फ्रेमवर्कविना लिहिलेला पहिला भाग कोणी गाळू नये, कारण पुढची सगळी तुलना त्याच कोडशी केलेली आहे.